होडीत पाऊल टाकण्यापूर्वी



आमच्या कणकवलीला समुद्र नाही. गाव महामार्गावरचे, गडनदी आणि जानवली नदी यांच्या सोबतीने वाढलेले. पण मालवण, तारकर्ली, देवगडला जाणारा पाहुणा कोकण रेल्वेने आला, तर पुष्कळदा आमच्याच स्टेशनावर उतरतो. मे महिन्यात आणि गणपतीत तर घरोघर चाकरमानी येतात. रात्री जेवणे उरकून सगळी खळ्यात बसली की कुणीतरी हमखास म्हणतो, "काका, चांदणं काय सुरेख पडलंय! होडीतून एक चक्कर मारून येऊ या का?" कोजागरीला तर हा प्रश्न ठरलेलाच. कुणाच्या तरी ओळखीचा होडीवाला निघतो आणि तोही प्रेमाने म्हणतो, "येवा, बसा. काय्येक होवचा नाय!"

आता उत्तर द्यायचे असते ते आपण, म्हणजे यजमानांनी. पाहुण्यांना पाणी माहीत नसते. तेव्हा होडीत पाऊल टाकण्यापूर्वी काय पाहावे, काय विचारावे आणि केव्हा सरळ नाही म्हणावे, याविषयी आज थोडे बोलू.

पहिला प्रश्न असा, की रात्री नेमके बदलते काय? तलाव तोच असतो, होडी तीच असते. दोन घटना आठवून पाहा. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. बोटीत २० पर्यटक होते. दोघांचा जीव गेला, ही हानी मोठीच. पण दिवस होता, माणसे दिसत होती, आसपास बोटी होत्या, म्हणून बाकीच्यांना पाण्याबाहेर काढता आले. पुढच्याच वर्षी, ७ मे २०२३ रोजी, केरळमध्ये तानूरला पर्यटकांची एक दुमजली बोट खाडीच्या मुखाजवळ उलटली. मूळची मासेमारीची बोट बदलून ती तयार केलेली होती, आणि क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे तिच्यात बसलेली होती. वेळ सूर्यास्तानंतरची, सातच्या सुमाराची. तिथे २२ जण गेले. त्यांत लहान मुले बरीच होती. काळोखात शोध घेणेही कठीण झाले.

या दोन घटनांत बोट वेगळी, पाणी वेगळे, गर्दी वेगळी. त्यामुळे आकड्यांची सरळ तुलना करता येणार नाही. पण एक गोष्ट त्यातून कळते. चूक दिवसाही होते आणि रात्रीही होते. दिवसा ती सुधारायला थोडी सवड मिळते, रात्री ती सवड मिळत नाही. पडलेला माणूस दिसत नाही, काठावरच्यांना काही घडले आहे याचा पत्ता लागत नाही. म्हणून रात्रीच्या होडीची सगळी काळजी काठावर, होडी सुटण्याआधीच घ्यावी लागते.

आता डोळ्यांचे पाहू. आपल्या डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. त्यानंतर चांदण्यातही खडक, खुंट, दुसरी होडी असे बरेच काही दिसू लागते. पण होडीतला एखादा उत्साही मुलगा फोटोसाठी मोबाईलची बत्ती लावतो, झोत वल्हेकऱ्याच्या तोंडावर पडतो आणि कमावलेली सवय क्षणात मोडते. पुन्हा वीस मिनिटे तो जवळजवळ आंधळा! तेव्हा नियम असा, की होडी चालवणाऱ्याच्या दिशेने बत्ती मारायची नाही. उजेड हवाच असेल तर बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद लावावा आणि झोत पायांकडे ठेवावा. लाल उजेडाने अंधारातली नजर कमी बिघडते.

रात्री अंतराचाही अंदाज चुकतो. काठावरचा दिवा हाकेच्या अंतरावर वाटतो आणि वल्हवत गेले तर संपता संपत नाही. शांत हवेत पलीकडच्या वाडीतले बोलणे पाण्यावरून स्पष्ट ऐकू येते, त्यामुळे काठ जवळच आहे असा भास होतो. पोहता येणारी माणसे इथेच फसतात. "एवढं तर पोहून जाईन" असे म्हणतात, आणि ते एवढे अंतर निघते चौपट.

पाणी कुठले, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० साली बांधलेला. भगवती देवीच्या देवळाच्या पायथ्याशी पसरलेला. अशा तलावाला भरती-ओहोटी नाही. पण काठच्या पाणवनस्पतींत वल्हे अडकते, आणि पडलेल्या माणसाचे पायही अडकतात. धरणाच्या पाण्याचा प्रकार निराळा. तिथे बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याखाली उभे असतात आणि मोकळ्या पसाऱ्यावर वारा एकाएकी सुटतो. उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी अशी होडीची नेहमीची वाट. रस्त्याने गेले तर मोठा वळसा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात तिथली होडी उलटली. सात जणांपैकी एकटा माणूस पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहानगी होती. वळवाच्या दिवसांत, आणि परतीच्या पावसात म्हणजे कोजागरीच्या सुमारासही, क्षितिजावर वीज चमकताना दिसली की होडी सोडू नये. पाण्यात असताना गडगडाट ऐकू आला तर जो काठ जवळ असेल तो धरावा. आपली गाडी पलीकडे लावली आहे, हा विचार तेव्हा करू नये.

खाडीची गोष्ट तर आणखी वेगळी. कर्लीच्या खाडीत, देवबागच्या बाजूला रात्री जाणाऱ्याने तिथी मोजलीच पाहिजे. आपल्याकडे जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा ढोबळ हिशोब आहे, जागेप्रमाणे वेळ मागेपुढे होते, पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. पौर्णिमेला उधाणाची भरती असते, आणि जितकी मोठी भरती तितकी जोराची ओहोटी. म्हणजे जी रात्र सगळ्यांत उजळ, त्याच रात्री खाडीला ओढ सगळ्यांत जास्त. कोजागरीला मध्यरात्री दूध पिऊन परतायचे, आणि ओहोटीला जोर चढायचाही तोच काळ. त्यात शाळेत शिकलेले मतलई वारे आठवा. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. ओहोटी समुद्राकडे, वाराही समुद्राकडे. अशा वेळी वल्हे हातातून सुटले किंवा इंजिन बंद पडले, तर होडी कुठल्या दिशेला जाईल हे सांगायला नको. म्हणून होडीत नांगर आणि पुरेसा लांब दोर आहे ना, हे आधी पाहावे. इंजिन बंद पडल्यावर होडीला जागच्या जागी धरून ठेवणारी तीच एक वस्तू.

आता खुद्द होडी. किती माणसांची परवानगी आहे, हे विचारायला लाजू नये. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ प्रमाणे यांत्रिक प्रवासी बोटींची नोंदणी आणि तपासणी व्हावी लागते. माणसे मोजताना लहान मुलेही मोजावीत; "ती काय, मांडीवर बसतील" असे म्हणू नये. बसल्यावर कुणी उभे राहायचे नाही. माणूस उभा राहिला की होडीचे वजन वर चढते आणि ती लगेच डोलू लागते. सगळे एका बाजूला झुकले तर काय होते, हे ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळातल्या थेक्कडीच्या जलाशयात दिसले. जनावरे पाहायला प्रवासी एका बाजूला गेले, बोट कलंडली आणि ४५ जण बुडाले. तळाला साचलेल्या पाण्याकडेही दुर्लक्ष नको. होडी कलली की ते पाणी धावत खालच्या बाजूला जाते आणि तिला आणखी कलवते. सुटण्याआधी ते उपसून टाकावे.

होडीवर दिवा हवाच. जगभर पाळले जाणारे जलमार्गाचे नियम १९७२ साली ठरले. त्यांप्रमाणे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत इंजिनाच्या बोटीने डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा लावायचा. वल्ह्याच्या होडीला एवढे जमले नाही, तरी पांढऱ्या उजेडाची बॅटरी किंवा कंदील हाताशी हवा, आणि टक्कर टळेल इतक्या आधी तो दाखवायचा. एक खूण लक्षात ठेवा. समोरून लाल आणि हिरवा दोन्ही दिवे एकदम दिसले, तर ती बोट सरळ तुमच्यावर येते आहे.

आता लाइफ जॅकेट. "आहेत हो, फळीखाली ठेवलीत," हे उत्तर चालणार नाही. काळोखात कललेल्या होडीत फळीखालचे जॅकेट सापडत नाही, आणि सापडले तरी पाण्यात पडल्यावर ते घालणे भल्याभल्यांना जमत नाही. जॅकेट काठावरच अंगात घालावे, पट्टे आवळावेत. मग दुसऱ्याने खांद्याजवळ धरून ते वर ओढून पाहावे. हनुवटीच्या वर सरकले तर ते सैल आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मोठ्या माणसाचे जॅकेट लहान मुलाला घालणे म्हणजे न घालण्यासारखेच. जॅकेटला एक शिटी बांधलेली असावी. अंधारात हाक विरून जाते, दमही लवकर संपतो. शिटी लांबवर जाते. जॅकेटवर चमकणारी पट्टी असली तर बॅटरीच्या झोतात माणूस चटकन सापडतो.

आमच्याकडे पूर्वी मुलांना असोले नारळ बांधून पोहायला शिकवत. त्यामागचे शास्त्र सोपे आहे. पाण्यात माणसाचे वजन जवळजवळ नाहीसे होते. तोंड वर ठेवायला चार-पाच किलोचा आधार पुरतो. घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा कॅन तेवढा आधार देतो. तेव्हा असे दोन कॅन दोराला बांधून होडीत ठेवावेत. ते जॅकेटच्या जागी नाहीत, पडलेल्याकडे फेकायला आहेत. बुडणाऱ्याला हात देऊ नये, दोर द्यावा. भेदरलेला माणूस मिळेल ते गच्च धरतो आणि वाचवणाऱ्यालाही खाली नेतो.

एवढे करूनही होडी उलटली तर? होडी सोडू नका. लाकडी होडी उलटी झाली तरी सहसा तरंगते, आणि पाण्यातल्या एकट्या डोक्यापेक्षा होडी शोधणाऱ्याला लवकर दिसते. सगळ्यांनी तिला धरून राहावे. एकाने नावे पुकारावीत आणि प्रत्येकाने ओ द्यावी, म्हणजे कोण नाही ते लगेच कळते. मुलांना मध्ये घ्यावे. पाणी कोमट वाटले तरी ते हवेपेक्षा फार भराभर अंगातली ऊब काढून घेते, म्हणून उगाच हातपाय मारून शक्ती घालवू नये. शिटी वाजवावी, थांबून कानोसा घ्यावा, पुन्हा वाजवावी.

यात दारूचा विषय निघणारच. कोजागरीच्या दुधावर भागत नाही अशीही मंडळी असतात. दारूने तोल जातो, अंतराचा अंदाज जातो आणि भीतीही जाते; रात्रीच्या पाण्यावर या तिन्हींची गरज असते. ज्याने घेतली असेल त्याला काठावरच बसवावे, मग तो पाहुणा असो की होडीवाला.

शेवटची गोष्ट बिनखर्चाची. निघताना काठावर किंवा घरी एका माणसाला चार गोष्टी सांगून जा : कुठे जातोय, किती जण, कुणाच्या होडीतून आणि किती वाजता परत येणार. ती वेळ उलटून अर्धा तास गेला आणि फोन लागला नाही, की त्याने वाट पाहू नये. ११२ ला फोन करावा. समुद्र किंवा खाडीचे मुख असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. होडीतला मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा.

आणि यातले काहीच नसेल तर? दिवा नाही, मापाची जॅकेटे नाहीत, माणसे जास्त आहेत, तर नाही म्हणावे. पैसे घेऊन फिरवणारी सहलीची होडी सूर्यास्तानंतर घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मच्छीमाराला रात्री पाण्यात जावे लागते. तो त्याचा धंदा आहे आणि त्याला ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपण चांदणे पाहायला जातो. ते धामापूरच्या काठावर बसूनही दिसते.

पाहुणे थोडे हिरमुसतील. वहिनी म्हणतील, "एवढं काय घाबरायचं?" त्यांना म्हणावे, उद्या सकाळी उजेडात जाऊ, सगळ्यांना जॅकेटे घालून नेऊ. आणि आज इथेच काठावर चटई टाकू.