रीस आणि रीछ

बपेऱ्यापुढे मध्य प्रदेशाची हद्द लागते, आणि अस्वलाचा ‘रीछ’ होतो. त्यामुळे आपला ‘रीस’ हा शब्द हिंदीवरून बिघडून आला, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस ते मान्य नाही. संस्कृतातल्या ‘क्ष’चा मराठीत पुष्कळदा ‘स’ होतो, हिंदीत ‘छ’. क्षुरिकेची इकडे सुरी झाली, तिकडे छुरी. त्याच न्यायाने रीस आणि रीछ ही ‘ऋक्षा’ची सख्खी भावंडे, उसनवारीचा प्रश्नच नाही. फार काय, शिष्टांच्या ‘अस्वला’तही हा ऋक्षच दडला आहे. प्राकृत ‘अच्छभल्ल’ हे त्याचे पूर्वरूप. त्यातला ‘अच्छ’ म्हणजे ऋक्ष, आणि ‘भल्ल’ म्हणजे हिंदीतला भालू!

ग्रीक ‘आर्क्तोस्’, लॅटिन ‘उर्सुस्’, हित्ती ‘हर्तग्ग’ हे ऋक्षाचे दूरचे भाऊबंद. हे सारे ताडून पंडितांनी ‘हृत्कोस्’ असे काहीसे मूळ रूप बांधले आहे. ते कोठे लिहिलेले सापडत नाही; केवळ अनुमानाचे आहे.

रशियनांनी मात्र हे नावच टाकले. ते अस्वलाला ‘मेद्वेद्’, म्हणजे मध खाणारा, म्हणतात. त्यातला ‘मेद्’ म्हणजे आपला मधूच. नाव घेतले तर जनावर येईल, ही बहुधा त्यामागची धास्ती. आपल्याकडेही रात्री सापाला ‘लांबडे’च म्हणतात.