दाबसांधणी, विद्युत् तारांची
विद्युत् तारेच्या उघड्या टोकावर धातूचे नळीयुक्त अग्र बसवून ते ठराविक साच्यात दाबून कायमचे जोडण्याची पद्धती. कारागीर हिला क्रिंपिंग व अग्राला लग किंवा थिंबल म्हणतात. हिच्यात डाखकामाप्रमाणे उष्णता द्यावी लागत नाही. तथापि तार, अग्र व हत्यार ही तिन्ही एकमेकांस अनुरूप असली तरच सांधा टिकाऊ होतो. अमेरिकेत १९४१ मध्ये स्थापन झालेल्या एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स या कंपनीने विमाने व जहाजे यांकरिता अशी डाखविरहित अग्रे प्रचारात आणली.

कार्यतत्त्व : पुरेशा दाबाखाली नळी व तारेतील तंतू यांचा आकार कायमचा बदलतो, पृष्ठभागावरील ऑक्साइडाचा थर फुटतो आणि शुद्ध धातूचा धातूशी संपर्क येतो. मधल्या पोकळ्या जवळजवळ नाहीशा झाल्याने हवा व ओलावा आत शिरत नाहीत. दाब कमी पडल्यास पोकळ्या उरतात. जास्त झाल्यास तंतू तुटतात. सैल सांध्याचा रोध वाढतो आणि त्यात उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उदा., ०.०५ ओहम रोधाच्या सांध्यातून २० अँपिअर प्रवाह गेल्यास तेवढ्याशा जागेत २० वॉट उष्णता निर्माण होते. तीमुळे गंज चढतो व रोध आणखी वाढतो.

हत्याराची निवड : प्रथम तारेचे काटछेद क्षेत्रफळ पहावे. निरोधक आवरण असलेल्या अग्रांत सामान्यतः लाल रंग ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५ व पिवळा ४ ते ६ चौ. मिमी. तारेसाठी असतो; हत्याराच्या साच्यांवरही हेच रंग असतात. त्यानंतर नळीचा प्रकार पहावा. आवरणयुक्त नळीस लंबवर्तुळाकार, उघड्या पाकळ्यांच्या अग्रास पाकळ्या आत वळविणारा, तर बहुतंतू तारेच्या टोपणास चौकोनी किंवा समलंब साचा लागतो. जाड केबलींच्या अग्रांसाठी षट्कोनी साच्यांचे, द्रवीय दाबावर चालणारे हत्यार वापरतात. रॅचेट असलेले हत्यार दाब पूर्ण झाल्याखेरीज उघडत नाही. म्हणून ते साध्या चिमट्यापेक्षा श्रेयस्कर ठरते. पक्कड किंवा हातोडीने चेपलेले अग्र वरून घट्ट दिसले, तरी आत पोकळ राहते.

परिसराचा परिणाम : पालघर जिल्ह्यातील डहाणू व घोलवड येथील किनाऱ्यालगतच्या चिकूच्या वाड्यांत पाण्याचे पंप चालतात. तेथील खारट दमट हवा सांध्यातील लहानशा फटीतूनही आत शिरते. आतील भागात असलेल्या तलासरीकडे खारेपणा कमी असला, तरी पावसाळ्यातील ओल तेवढीच बाधते. पंपाची तार तांब्याची व पुरवठ्याची केबल ॲल्युमिनियमची असल्यास दोन धातूंच्या संपर्काने विद्युत् रासायनिक क्षरण होते. अशा ठिकाणी ॲल्युमिनियमची नळी व तांब्याचे पाते असलेले द्विधातू अग्र आणि ऑक्साइडरोधक लेप वापरतात. ॲल्युमिनियम संवाहकांच्या दाबअग्रांची विनिर्देशने भारतीय मानक ८३०९ मध्ये दिलेली आहेत. त्रिकला म्हणजे थ्री-फेज पंपाचा एक सांधा जळाल्यास चालू चलित्र उरलेल्या दोन कलांवर जादा प्रवाह घेते व योग्य संरक्षण नसल्यास त्याची गुंडाळी जळते. ऐन उन्हाळ्यात असे झाल्यास बागेचे पाणी तुटते. अशा वेळी दोष बहुधा चलित्राला दिला जातो. वास्तविक त्याचे मूळ स्वस्त अग्रात असते.

परीक्षण : पुरवठा बंद केल्याची खात्री करूनच काम करावे. नळीत सर्व तंतू शिरले आहेत, एकही बाहेर राहिलेला नाही व आवरण नळीत अडकलेले नाही हे पहावे. तार ओढून पाहणे ही प्राथमिक परीक्षा होय. मोठ्या कामात नमुन्याचा सांधा आडवा कापून त्यातील पोकळ्या तपासतात. साचे झिजल्यास सांधे ढिले होऊ लागतात. म्हणून हत्यारही वेळोवेळी तपासावे. सैल झालेले अग्र पुन्हा दाबू नये. तारेचे टोक कापून नवे अग्र बसवावे.