शनिवार-रविवार फायटर?

पाच दिवस लॅपटॉप आणि दोन दिवस कॉकपिट... असं करिअर कुणाला नको? अकोल्याच्या मामेबहिणीने सहज विचारलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं.

जूनमधली संध्याकाळ. अमरावतीत राजकमल चौकाजवळ गाडीवर आम्ही दोघं गिला वडा खात उभे होतो. ही माझी मामेबहीण, राहणार अकोला, जठारपेठ. चार वर्षं अकोला-बडनेरा अप-डाऊन करून इंजिनीअरिंग केलं. शेवटचा पेपर संपला होता आणि कॅम्पसमध्ये मिळालेली पुण्याची ऑफर हातात होती. घरात पेढे वाटून झाले होते. आणि बाईसाहेब मला विचारतात,

"दादा, मले एक सांग. नोकरी करता करता फायटर उडवता येते का?"

"काहून?"

"अमेरिकेत येते म्हणे. पायलट लोकं हप्ताभर एअरलाइनमध्ये काम करते अन् सुटीत एफ-१६ उडवते."

मला वाटलं, ‘टॉप गन’चा परिणाम. पण तिचं चुकलेलं नव्हतं. अमेरिकेत एअर नॅशनल गार्ड नावाचा प्रकार आहे. प्रत्येक राज्याचा वेगळा गार्ड, आणि काही राज्यांकडे चक्क स्वतःची फायटर स्क्वाड्रन्स. त्यांतले बरेच पायलट एरवी प्रवासी विमानं चालवतात किंवा आणखी कुठली नोकरी करतात. धाकटे बुश राष्ट्राध्यक्ष होण्याच्या खूप आधी टेक्सासच्या गार्डमध्ये एफ-१०२ उडवायचे. ११ सप्टेंबर २००१ ला वॉशिंग्टनच्या दिशेने येणारं अपहृत विमान अडवायला जी दोन एफ-१६ झेपावली, ती याच गार्डची होती. मार्क सॅसव्हिल आणि हेदर पेनी हे त्यांचे पायलट. क्षेपणास्त्रं चढवायलाही वेळ नव्हता. वेळ पडली तर आपलंच विमान त्या विमानावर घालायचं, असं ठरवून दोघं निघाले होते. (ते विमान आधीच पेनसिल्व्हेनियात कोसळलं होतं.)

तेव्हा ‘पार्ट टाइम’ म्हणजे हौसेचा मामला नव्हे, हे पहिलं. दुसरं म्हणजे तिथेही हा पार्ट टाइम नंतर सुरू होतो. आधी दीड-दोन वर्षं पूर्णवेळ ट्रेनिंग, मग अनेक वर्षांचा करार. आणि अधिकारी व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. म्हणजे आपल्या बाईसाहेबांचा पत्ता तिथेच कट!

स्वित्झर्लंडमध्येही असे नोकरी सांभाळून उडणारे फायटर पायलट होते. तिथला एक किस्सा भारी आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं अपहृत विमान पहाटे जिनिव्हात उतरलं. त्याला सोबत करायला इटली आणि फ्रान्सची फायटर्स आली. स्विस हवाई दल कुठे होतं? ऑफिस अजून उघडायचं होतं!

मग आपल्याकडे?

होतं हो, आपल्याकडेही होतं. १९५२ साली राखीव आणि सहायक हवाई दलांचा कायदा झाला आणि त्यातून दिल्ली, मुंबई, मद्रास अशा शहरांत सहायक स्क्वाड्रन्स उभी राहिली. आठवडाभर आपापला कामधंदा करणारी माणसं सुटीच्या दिवशी हार्वर्ड विमानं उडवायची. आजोबांच्या पिढीत जन्मलो असतो तर... पण ती व्यवस्था पुढे बंद झाली. जेटचा जमाना आला आणि विमान असं झालं की, चार दिवस हात लावला नाही तर हात विसरतो. नऊ जी म्हणजे साठ किलोच्या माणसाला आपण पाचशे चाळीस किलोचे झालोय असं वाटणं. हे काम रविवारी सकाळी पोहे खाऊन करण्याचं नाही.

आज आपल्याकडे नोकरी सांभाळून वर्दी घालायची असेल तर टेरिटोरियल आर्मी. १९४९ पासूनची. वय १८ ते ४२, पदवी आणि स्वतःचा कामधंदा किंवा नोकरी हवी. परीक्षा, मुलाखत, एसएसबी सगळं आहे, आणि निवड झाली की दरवर्षी ठरावीक काळ ट्रेनिंग. आपल्या भुसावळलाच ११८ इन्फंट्री बटालियन आहे. धोनी टीएमधलाच मानद लेफ्टनंट कर्नल, त्याने २०१५ मध्ये आग्र्याला पॅराशूटच्या उड्याही मारल्या. पण टीए म्हणजे लष्कर. त्यात फायटर नाही. हवाई दलाने २०१० मध्ये सचिनला मानद ग्रुप कॅप्टन केलं, पण त्या वाटेने जायला आधी सचिन व्हावं लागतं.

हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग मी दोन वर्षं नोकरी करतो, थोडे पैसे जमवतो, अन् मंग पाह्यतो."

आणि इथे माझा वडा घशात अडकला.

"मंग पाह्यतो"चं काय होतं...

कारण अगदी हेच वाक्य मी म्हटलं होतं. सात-आठ वर्षांपूर्वी, हिंजवडीत. लहानपणी अकोल्याला मामाकडे गेलो की शिवणीच्या विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून उभा राहायचो. १९४३ चा, इंग्रजांच्या काळातला विमानतळ. नियमित विमान कधी दिसायचं नाही, धावपट्टी मात्र दिसायची. तेवढ्यावर स्वप्न बघायला मला पुरत होतं. पण पहिला पगार आला, बाईक आली, वीकेंडला लोणावळा आला. एफकॅट, म्हणजे हवाई दलाची प्रवेश परीक्षा, ‘नोकरी करता करता बघू’ या खात्यात गेली.

शेवटी एका क्लासला पैसे भरले. तिथल्या सरांनी छातीठोक सांगितलं, "२४ पूर्ण व्हायच्या आत परीक्षा दिली की झालं." मी चार महिने घासली. फॉर्म भरायला बसलो आणि जन्मतारखेच्या रकान्यावरच गाडी अडली. वयाची अट परीक्षेच्या दिवशीची नसतेच! फ्लाइंग ब्रँचसाठी २० ते २४ हे वय कोर्स सुरू होतो त्या तारखेला मोजतात, आणि कोर्स सुरू होतो परीक्षेनंतर जवळपास वर्षभराने. परीक्षेच्या वेळी मी २३ वर्षं ८ महिन्यांचा असणार होतो. म्हणजे मी सहा-सात महिन्यांपूर्वीच ‘म्हातारा’ झालो होतो आणि मला पत्ताच नव्हता. क्लासची फी परत मिळाली नाही. सरांचा राग आला, पण नियम मीही वाचला नव्हता. आता अमरावतीत बँकेत आहे, ३१ वर्षांचा.

म्हणून गिला वड्याच्या गाडीवर मोबाइल काढून तिचा हिशेब केला. मार्चमध्ये बावीस पूर्ण. ऑगस्टची परीक्षा दिली तर कोर्स पुढच्या जुलैत, चालेल. फेब्रुवारीची दिली तर कोर्स त्याच्या पुढच्या जानेवारीत, दोन महिन्यांनी वाचली. त्यानंतरची ऑगस्ट? गेली. म्हणजे हातात परीक्षा दोन. फक्त दोन!

"अन् सीपीएल काढलं त?" तिने विचारलं. हुशार आहे. डीजीसीएचं कमर्शियल पायलट लायसन्स असेल तर मर्यादा २६ होते. आणि आता तर विमानं आपल्या दारात आलीत. बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं पहिलं प्रवासी विमान उडालं. तिथेच ३४ विमानांची पायलट ट्रेनिंग स्कूल काढणार, असं एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. पण लायसन्सचा खर्च लाखोंत. दोन वर्षं वाढवून घ्यायला मामाने शेत विकायचं का?

बाकीचं गणितही सांगून टाकलं. बारावीला फिजिक्स-मॅथ्स हवं, ते तिच्याकडे आहे. उंची किमान १६२.५ सेंटीमीटर, पायाची लांबी ९९ ते १२०, बसल्यावरची उंची वेगळी मोजतात, कारण कॉकपिट आपल्या मापाने शिवून मिळत नाही. लेखी, मग पाच दिवसांचं एसएसबी, मग सीपीएसएस. ही सीपीएसएस म्हणजे मशीनवर बसवून हात, पाय, डोळे, डोकं एकत्र चालतं का ते बघणारी चाचणी. ती आयुष्यात एकदाच. नापास झालात तर हवाई दलात वैमानिक म्हणून दार कायमचं बंद. मग मेडिकल. मग हैदराबादजवळ दुंडिगल. तिथे कोण फायटर, कोण हेलिकॉप्टर, कोण वाहतूक विमानं हे ठरतं. फायटर मिळालं तर पुढे बिदरला हॉक. आणि शॉर्ट सर्व्हिस म्हटली तरी १४ वर्षं. यात शनिवार-रविवार कुठेच नाही.

मला वाटलं, ती हिरमुसेल. ती म्हणाली, "नागपूरची अंतरा मेहता झाली न?" झाली. १५ जून २०१९ ला दुंडिगलहून बाहेर पडली, महाराष्ट्रातली पहिली महिला फायटर पायलट. तिचं कात्रण हिच्या कपाटाच्या आत चिकटवलेलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आणि आमच्या अमरावतीच्या प्रतिभाताई! नोव्हेंबर २००९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी जी-सूट घालून लोहगावहून सुखोईत बसल्या होत्या.

जठारपेठेत वादळ

मामाचा फोन दुसऱ्याच दिवशी. "पोरगी हातची नोकरी सोडून इमानाच्या मांगं लागली. तू तरी समजाव तिले!" मामीचं वेगळंच टेन्शन, चौदा वर्षं म्हणजे लग्नाचं काय. मी अकोल्याला गेलो. मामाला एवढंच सांगितलं, की नोकरी सोडायची कुणी सांगितलीय? निवड होईपर्यंत नोकरी करू दे की. पार्ट टाइम चालतं ते अभ्यासापुरतं. मामा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुह्यं राह्यलं म्हणून तिले चढवून नको देऊ." लागलं ते. कारण थोडं खरं होतं. त्या रात्री झोप आली नाही.

ती पुण्याला जॉइन झाली. सकाळी पाच ते आठ अभ्यास, मग ऑफिस. ऑगस्टचा पेपर निघाला. एसएसबीला गांधीनगर मिळालं. दिवाळीनंतर आठ दिवस रजा काढून ती अकोल्याहूनच निघाली, नवजीवन एक्सप्रेसने.

मी अमरावतीहून पोहोचलो तेव्हा मामा आधीच प्लॅटफॉर्मवर होता, हातात डबा. येणार नाही म्हणाला होता. गाडी लागली. तिने बॅग वर टाकली, पाया पडली. मामाने खिडकीतून डबा दिला, पाण्याची बाटली दिली, मग उगाच आणखी एक बाटली आणून दिली.

गाडी हलल्यावर त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "ते मशीनवाली परीक्षा एकदाच असते न?"

"हाव मामा, एकदाच."

"थोडी जेवून गेली असती त बरं झालं असतं," मामा म्हणाला, आणि आम्ही स्कूटर काढायला स्टँडकडे गेलो.