भंगारच्या काट्यावरचं प्लास्टिक

घंटागाडीत टाकलेली पाण्याची बाटली पुन्हा बाटली होऊनच दुकानात येते, असं वर्ध्यात पुष्कळांना वाटतं. बहुतेकदा तसं होत नाही. पीईटीच्या बाटल्यांचा चुरा धुऊन त्याचा पॉलिएस्टर धागा काढतात. म्हणजे कापसाच्या या जिल्ह्यातली रिकामी बाटली कापसाचीच स्पर्धक होऊन परत येते!

बुडाशी त्रिकोण आहे म्हणजे ते रिसायकल होणारच, हाही भ्रमच. त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो: १ पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ५ पीपी. ते विकलं जाणार की नाही, हे भंगारवाल्याच्या काट्यावर ठरतं. भाव किलोवर असतो. चिप्सची पाकिटं किलोभर जमवायला दिवस जातो, आणि त्यांतले प्लास्टिक-अ‍ॅल्युमिनियमचे थर वेगळे करणं परवडत नाही. म्हणून वेचणाऱ्या बाया ती उचलतच नाहीत. नागपूर पाऊणशे किलोमीटरवर. तिथवर हलका, ओला, मातीनं भरलेला माल न्यायचा तर ट्रकचं भाडंही सुटत नाही. पातळ पन्नीचं तेच. राज्यानं २०१८ मध्ये तिच्यावर बंदी आणली. भंगारात तिला त्याआधीही कोणी विचारत नव्हतं.

'मशीन सगळं निवडून घेतं' हे तर साफ चूक. खरं काम हातांचं आणि नजरेचं. धुण्याच्या हौदात पीईटी बुडतं, पीपी-एचडीपीईची झाकणं तरंगतात, ती वरच्या वर काढून घेता येतात. पण पीव्हीसीही बुडतं. पीईटी वितळतं अडीचशे अंशांच्या आसपास. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी विघटित होऊन आम्ल सोडतं आणि थोडक्या तुकड्यांपायी अख्खा घाणा पिवळा पडतो. ते आधीच वेगळं काढणाऱ्या बाईला मात्र आपण 'कचरेवाली' म्हणून मोकळे होतो.

शेतातलं प्लास्टिक बिनकामाचं नसतं. ठिबकच्या जुन्या नळ्या आणि खताची पोती, माती झटकलेली असली तर, विकली जातात. अपवाद फवारणीच्या औषधाच्या बाटल्यांचा. त्यांतलं एचडीपीई उत्तम, म्हणून त्या भंगारात द्यायचा मोह होतो. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे रिकामी वेष्टनं फोडून वस्तीपासून दूर पुरायची असतात. औषधाचा अंश घेऊन गेलेलं प्लास्टिक पुढे कोणत्या बादलीत ओतलं जाईल, हे काट्यावर कोणी विचारत नाही.