शत्रूसाठी एक कीबोर्ड

समजा, शत्रूच्या मुख्यालयाला कीबोर्ड पुरवण्याचे कंत्राट गुपचूप आपल्याला मिळाले. तिथले सगळे अहवाल, मागणीपत्रे आणि आदेश याच कीबोर्डवर टाइप होणार. आपले काम एकच, कीबोर्डमधला स्विच जितका वाईट करता येईल तितका करायचा. कसा बनवाल?

लाइट्स आउटच्या आधी हा प्रश्न मी आमच्या डॉर्ममध्ये टाकला, तर पाच मिनिटांत डझनभर उत्तरे आली. दोन किलोची स्प्रिंग घाला. प्रत्येक कळ दाबली की बिगूल वाजू दे. कळांना काटे लावा. एकाने तर मध लावायला सांगितले (तो मेसमध्येही असाच असतो). उत्तरे मजेदार आहेत, पण सगळी नापास. असा कीबोर्ड पहिल्याच दिवशी भंगारात जाईल आणि संध्याकाळपर्यंत दुसरा येईल. शत्रूचे नुकसान किती? अर्धा दिवस.

आधी चांगला स्विच कसा चालतो ते पाहू. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो. प्लास्टिकची एक छोटी डबी, तिच्यात वर-खाली सरकणारी दांडी, दांडीखाली स्प्रिंग आणि बाजूला धातूच्या दोन पातळ पात्या. कळ मोकळी असताना दांडीचा एक फुगवटा पातीला दूर ढकलून धरतो. कळ दाबली की फुगवटा खाली सरकतो, पाती सुटते आणि दुसरीला टेकते. विजेचा मार्ग जुळतो आणि संगणकाला अक्षर मिळते. चेरी कंपनीचा एमएक्स रेड हा प्रसिद्ध स्विच घ्या. त्याची कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, संपर्क २ मिलिमीटरवर जुळतो आणि तिथपर्यंत लागणारा जोर ४५ सेंटिन्यूटन असतो. म्हणजे दहा रुपयांची सहा नाणी एकावर एक ठेवली, तर साधारण तेवढे वजन.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच मुख्य. कळ 'लागली' हे बोटाला कसे कळते? आयबीएमचा १९८५चा मॉडेल एम हा कीबोर्ड यात आदर्श मानतात. त्यात कळ दाबताना स्प्रिंग आधी सरळ दबत जाते आणि एका क्षणी अचानक बाजूला वाकते. त्या वाकण्यानेच 'टक्' असा आवाज होतो आणि त्या वाकण्यानेच खालचा छोटा हातोडा झुकून संपर्क जोडतो. आवाज आणि अक्षर यांचे कारण एकच आहे. म्हणून 'टक्' ऐकू आले की अक्षर गेले, असे समजायला हरकत नाही. टाइप करणाऱ्याला पडद्याकडे बघत बसावे लागत नाही.

इथेच आपल्याला कात्री लावायची आहे. आपल्या स्विचमध्ये 'टक्' आवाज १.५ मिलिमीटरवर होईल आणि संपर्क अगदी तळाशी, ३.८ मिलिमीटरवर जुळेल. जोराने दाबणाऱ्याला काहीच कळणार नाही. हलक्या हाताने भरभर टाइप करणाऱ्या, म्हणजे कामात तरबेज असलेल्या माणसाची अक्षरे मात्र अधूनमधून गळतील. आवाज झाला, बोटाला झटका जाणवला, पण अक्षर आले नाही. स्विच खोटे बोलला.

गळलेले अक्षर निदान दिसते तरी. मराठी पानाचे टायपिंग करणाऱ्यांना विचारा. इन्स्क्रिप्टमध्ये हलन्त इंग्रजी 'डी'च्या कळेवर, डाव्या मधल्या बोटाखाली असतो. तेवढा एक गळला तर 'शत्रू'चा 'शतरू' होतो आणि 'रस्ता'चा 'रसता'. वाचणारा हसतो आणि दुरुस्त करतो. याहून वाईट चूक म्हणजे जी चूक वाटतच नाही ती.

त्यासाठी पात्यांची थरथर उपयोगी पडते. धातूची पाती दुसरीवर आपटली की लगेच स्थिर होत नाही. कॅरमची सोंगटी कडेला आपटून उडते तशी ती काही वेळा उडते आणि पुन्हा टेकते. चांगल्या स्विचमध्ये हे काही मिलिसेकंदांत संपते. कीबोर्डमधली चिप तेवढा वेळ थांबते आणि सगळी थरथर मिळून एकच दाब मोजते. आपण पाती जरा लांब आणि ढिली ठेवायची, म्हणजे कधीतरी ती ४० मिलिसेकंदांनी पुन्हा उडेल. चिपला तो दुसरा दाब वाटेल. शिवाय पात्यांच्या टोकांना चांगल्या स्विचमध्ये असतो तसा सोन्याचा मिश्रधातू वापरायचा नाही, साधे तांबे ठेवायचे. कोरड्या हवेत तांबे बरे चालते, ओलाव्यात हळूहळू काळे पडते आणि संपर्क कच्चा होत जातो. तपासणी हिवाळ्यात, बिघाड पावसाळ्यात!

हा स्विच सगळ्या कळांखाली लावायचा नाही, हे महत्त्वाचे. फक्त शून्याखाली. मागणीपत्रात २० कंबळे लिहायची होती, तिथे २०० झाली. कुठलाही शुद्धलेखन तपासक २०० या आकड्याखाली लाल रेघ ओढत नाही. पासवर्डमध्ये शून्य असेल तर पडद्यावर फक्त ठिपके दिसतात. एक ठिपका जास्त आला हे कोण मोजतो? तीन प्रयत्नांत खाते बंद.

हे अगदीच कल्पनेतले नाही. अ‍ॅपलने २०१५ मध्ये लॅपटॉप पातळ करण्यासाठी 'बटरफ्लाय' नावाची रचना आणली. आत धुळीचा कण गेला की कळ अडकायची किंवा एका दाबात दोन अक्षरे उमटायची. कंपनीने २०१९ पासून पुन्हा कात्रीसारखी जुनी रचना घेतली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात ५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. यामागे कुठलाही हेर नव्हता.

आपल्या स्विचचा सगळ्यात दुष्ट भाग लोखंडात किंवा तांब्यात नाहीच. २०० कंबळे आली की रागावणे कोणाला खावे लागेल? कीबोर्डला नव्हे, टाइप करणाऱ्या कारकुनाला. तो शपथेवर सांगेल की मी एकदाच दाबले होते. साहेब कीबोर्ड मागवून चार वेळा शून्य दाबून बघतील आणि चारच शून्ये येतील. महिन्याभरात त्या कारकुनाला स्वतःच्या बोटांचीच खात्री वाटेनाशी होईल आणि तो प्रत्येक आकडा तीनदा तपासू लागेल. बंद पडलेला स्विच फक्त काम थांबवतो. हा स्विच चांगल्या माणसाला खोटारडा ठरवतो.

मग तो पकडायचा कसा? शून्याची कळ १०० वेळा दाबा आणि पडद्यावरची शून्ये मोजा, असे कोणीही सुचवेल. पण बिघाड सरासरी ५०० दाबांत एकदा होत असेल, तर? एका दाबात तो न होण्याची शक्यता ४९९/५००. सलग १०० दाबांत एकदाही न होण्याची शक्यता म्हणजे हा अपूर्णांक स्वतःशी १०० वेळा गुणायचा. कॅल्क्युलेटर ०.८२ दाखवतो. म्हणजे असे शंभर सदोष कीबोर्ड तपासले तर सुमारे ८२ पास होतील. ही शक्यता ५ टक्क्यांवर आणायची तर १५०० वेळा दाबावे लागते. सेकंदाला तीन दाब धरले तर एका कळेसाठी ५०० सेकंद, आठ मिनिटांहून थोडे जास्त. शत्रूचा तपासनीस एवढा वेळ एकच कळ दाबत बसणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आपल्याला मात्र बसता येईल. संगणक कक्षात ३० कीबोर्ड आहेत आणि त्यांतल्या काहींवर आमच्या हाउसचा आधीपासून संशय आहे. शून्य आणि हलन्त या दोनच कळा तपासायच्या म्हटले तर एकूण ८ तास २० मिनिटे लागतात. चार जण मिळाले तर एका रविवारी दोन तासांच्या थोड्या वर काम आटोपेल. इन्स्ट्रक्टर सरांची परवानगी मिळाली आहे. माझ्याशिवाय तीन जण हवेत, नावे हाउसच्या नोटीस बोर्डवर लिहावीत. मध लावण्याची सूचना करणाऱ्याचे नाव मी आधीच लिहिले आहे.