सांध्याच्या अस्तराचा एक दुर्मीळ विकार : निदानाची वाट

गुडघ्यावर सूज आली की घरातील वडीलधारी मंडळी 'वात' म्हणतात, आणि ती दोन-तीन महिने हटली नाही की आम्हा डॉक्टरांच्या मनात क्षयाचा विचार येतो. दोन्हींमागे अनुभव आहे. आपल्या देशात एकाच सांध्याची जुनाट सूज पाहून क्षय न आठवणारा वैद्य विरळाच. परंतु या दोहोंच्या आडोशाला एक तिसरा विकार कधीकधी वर्षानुवर्षे लपून राहतो. स्मरणिकेच्या वाचकांत समव्यवसायी आहेत, तसेच समाजातील इतर मंडळीही आहेत. दोघांच्याही उपयोगी पडेल अशा रीतीने त्याचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

सांध्याला आतून एक पातळ अस्तर असते. त्यालाच सायनोव्हियम म्हणतात. सांध्याला वंगण पुरविणे हे त्याचे काम. या विकारात ते अस्तर जाड होते, त्याला झालरी फुटतात, गाठी येतात. या नाजूक झालरी हालचालीत चिमटतात व त्यांतून थोडेथोडे रक्त पाझरत राहते. रक्तातील लोह अस्तरातच साठते आणि त्याला गंजासारखा तपकिरी रंग येतो. 1941 मध्ये जॅफे, लिख्टेनस्टाइन व सुत्रो यांनी या विकाराला 'पिग्मेंटेड व्हिलोनॉड्युलर सायनोव्हायटिस' असे नाव दिले. हा केवळ दाह आहे असे दीर्घकाळ मानले जाई. 2006 मध्ये असे दिसून आले, की अस्तरातील थोड्याच पेशींच्या गुणसूत्रांत बिघाड होतो, त्या 'सीएसएफ-1' नावाचे प्रथिन अवाजवी प्रमाणात तयार करतात, आणि त्याच्या ओढीने इतर पेशींची गर्दी जमते. म्हणून आता याची गणना अर्बुदांत होते व 'टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर' हे नाव रूढ झाले आहे. 'ट्यूमर' शब्दाने वाचकांनी घाबरू नये; हा कर्करोग नव्हे. मात्र सांध्याची नासाडी करण्यास तो पुरेसा समर्थ आहे.

रुग्ण बहुधा वीस ते पन्नास या वयातला. मोठ्या सांध्यांत गुडघ्याचा क्रमांक पहिला, त्याखालोखाल खुब्याचा.

माझ्याकडे आलेल्या खानापूर तालुक्यातील एका शिक्षिकेचे उदाहरण देतो. वय तिशीचे, डाव्या गुडघ्याची सूज दीड वर्षाची. दुखण्याबद्दल त्या फारसे बोलल्याच नाहीत. "डॉक्टर, मांडी घालून बसता येत नाही. पंगतीलासुद्धा खुर्ची मागावी लागते," एवढीच त्यांची तक्रार. ताप नाही, वजनात घट नाही, ईएसआर जवळजवळ प्राकृत, क्ष-किरण चित्रात हाडे निर्दोष. अन्यत्र आठ महिने क्षयाची औषधे देऊन झाली होती. अस्तराचा तुकडा मात्र तपासला गेला नव्हता. गुडघ्यातील पाणी काढले तेव्हा ते कात विरघळलेल्या पाण्यासारखे निघाले. मार लागलेला नाही, रक्त पातळ करणारे औषध चालू नाही, रक्त न गोठण्याचा आजार नाही, आणि तरीही सांध्यातले पाणी तांबूस-तपकिरी, असा योग जुळला की या विकाराचे नाव यादीत वर घ्यावे. पाणी स्वच्छ आले म्हणून तो नाहीच, असे मात्र समजू नये.

पुढची पायरी एमआरआयची. लोहामुळे हे अस्तर टी-1 व टी-2 या दोन्ही प्रकारच्या प्रतिमांत बरेचसे काळे दिसते, आणि ग्रेडियंट एको प्रतिमेत तो काळेपणा फुगून आणखी पसरतो. चिठ्ठीवर नुसते 'गुडघेदुखी' लिहिले तर ही खास प्रतिमा घेतली जाईलच असे नाही. रेडिओलॉजिस्टना आपली शंका चार शब्दांत कळवावी. तेवढ्याने पुष्कळ काम होते. हिमोफिलियातही अस्तर असेच लोहाने काळवंडते, म्हणून विशेषतः मुलाच्या बाबतीत, तुकडा काढण्यापूर्वी, रक्तस्रावाचा कौटुंबिक इतिहास विचारल्याविना सुरी उचलू नये.

अखेरचा निवाडा तुकड्याचाच. येथे एक व्यावहारिक सूचना कळकळीने करतो. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडविला की जंतूंच्या कल्चरचा मार्ग बंद होतो. निम्मा फॉर्मलिनमध्ये व निम्मा निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा, म्हणजे एकाच शस्त्रक्रियेत क्षयाचाही निकाल लागतो. आमच्या शिक्षिकाबाईंच्या तुकड्यात महाकाय पेशी व लोहाने भरलेल्या पेशी आढळल्या, क्षयजंतूंची वाढ झाली नाही, आणि क्षयाची औषधे थांबविता आली.

खुब्याचे निदान याहून अवघड. हा सांधा स्नायूंच्या खोल थरांखाली असल्याने सूज दिसत नाही. रुग्ण जांघेत दुखते म्हणतो, कधी तर गुडघ्यावरच बोट ठेवतो, आणि गुडघ्याची चित्रे काढण्यात महिने जातात. पाय आत वळविताना होणारी अडचण हीच बहुधा पहिली खूण. गुडघ्याचे वेष्टन सैल, त्यामुळे वाढणाऱ्या अस्तराला जागा मिळते. खुब्याचे घट्ट, म्हणून ते अस्तर हाडात शिरते. क्ष-किरण चित्रात उखळी व मांडीच्या हाडाची मान या दोन्ही बाजूंना पोखरल्याच्या खुणा दिसतात, मात्र सांध्यातील फट आरंभी शाबूत असते व हाडाची घनताही टिकून राहते. क्षयात भोवतालचे हाड विरळ होते, हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अस्तरात कूर्चेचे मणी तयार होणारा 'सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस' हाही खुब्यात असाच फसवतो. मण्यांत चुना साठेपर्यंत ते क्ष-किरणांत उमटत नाहीत.

उपचार म्हणजे ते अस्तर काढणे. एका जागी मर्यादित असलेली गाठ काढल्यावर सहसा त्रास संपतो. सर्वत्र पसरलेला प्रकार मात्र पुष्कळदा परततो, आणि खुब्यातील कूर्चा झिजली असेल तर तरुण वयातही सांधा बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शस्त्रक्रियेने भागणार नाही अशा रुग्णांसाठी पेक्सिडार्टिनिब या औषधाला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली. त्याने यकृतास गंभीर इजा होऊ शकते. 2025 मध्ये व्हिमसेल्टिनिब या दुसऱ्या औषधालाही तेथे मान्यता मिळाली. शिक्षिकाबाईंच्या गुडघ्यातील अस्तर पुढून व मागून अशा दोन्ही बाजूंनी काढावे लागले. दोन वर्षांनंतरच्या एमआरआयमध्ये मागील बाजूस एक लहानसा काळा ठिपका दिसला. तो वाढतो आहे की नाही, हे दर वर्षी पाहात आहोत.