मृत्युपत्र लिहून देणारा वकील : इंग्लंडमध्ये ‘प्रायव्हेट क्लायंट’ सॉलिसिटरचं करिअर कसं उभं राहतं?

१७ जुलै १९८६. इंग्लंडमधल्या एका ७८ वर्षांच्या गृहस्थांचं पत्र त्यांच्या वकिलाच्या ऑफिसात पोचलं. बायको गेल्यानंतर त्यांचं दोन्ही मुलींशी भांडण झालं होतं आणि रागाच्या भरात त्यांनी दोघींना मृत्युपत्रातून वगळलं होतं. आता समेट झाला होता. मागणी साधी होती : नवं मृत्युपत्र करा, दोघींना प्रत्येकी ९ हजार पाउंड द्या.

महिनाभर काहीच हाललं नाही. मग ऑफिसातल्या क्लार्कने आतल्या आत एक टिपण पाठवलं आणि तो सुट्टीवर गेला. परत आल्यावर त्याने भेटीची तारीख ठरवली, १७ सप्टेंबर. गृहस्थ १४ सप्टेंबरलाच वारले.

जुनं मृत्युपत्र लागू झालं आणि मुलींच्या हाती काहीच आलं नाही. त्या वकिलांविरुद्ध कोर्टात गेल्या. १९९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ३ विरुद्ध २ अशा मतांनी निकाल दिला : मुली वकिलाच्या क्लायंट नसल्या तरी त्यांचं नुकसान वकिलाने भरून द्यायचं. हा खटला ‘व्हाइट विरुद्ध जोन्स’ म्हणून ओळखला जातो. या क्षेत्रात नव्याने शिरणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असावा लागतो. कारण तो क्लार्क काही लबाड नव्हता. त्याने फक्त उशीर केला.

आता हे क्षेत्र म्हणजे नेमकं काय? कंपन्यांची नव्हे, तर माणसांची आणि कुटुंबांची कामं. मृत्युपत्र, माणूस गेल्यावरचं प्रोबेट, ट्रस्ट, वारसा कर, आणि उद्या स्वतःला निर्णय घेता आले नाहीत तर कोणी घ्यायचे हे ठरवून ठेवणारं मुखत्यारपत्र. क्लायंट लॉर्डच असतो असं नाही. वारसा कराची मूळ मर्यादा २००९ पासून ३ लाख २५ हजार पाउंडांवर थांबलेली आहे आणि त्यावरच्या रकमेला साधारणपणे ४० टक्के कर लागतो. नवरा-बायकोत सहसा सूट असते, राहतं घर मुला-नातवंडांना दिलं तर मर्यादा वाढते. तरी घरांच्या किमती पाहता लंडनमधला निवृत्त शिक्षकसुद्धा या हिशेबात सापडू शकतो.

सॉलिसिटर व्हायची वाट २०२१ पासून बदलली आहे. एसक्यूई नावाची परीक्षा असते. पहिल्या टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात लेखी आणि तोंडी मिळून १६ प्रात्यक्षिकं. शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. हा अनुभव चार संस्थांपर्यंत विभागून घेता येतो, आणि पॅरालीगल म्हणून किंवा मोफत कायदा सल्ला केंद्रात केलेलं कामही त्यात धरता येतं. पूर्वीसारखी ‘ट्रेनिंग काँट्रॅक्ट मिळालं तरच’ अशी अट उरलेली नाही. भारतात आधीच वकील असलेल्यांना तर या दोन वर्षांची अटही नाही, परीक्षा मात्र आहे.

हे झालं कागदावरचं. खरं शिक्षण पहिल्या काही भेटींत होतं.

समजा, ८४ वर्षांच्या आजी आल्यात, सोबत मुलगी. तुम्ही आजींना विचारता, उत्तर मुलगी देते. आपल्याकडच्या माणसाला इथे फार अवघडल्यासारखं होतं, पण मुलीला ‘जरा बाहेर बसता का?’ म्हणावंच लागतं. आजी एकट्या असताना काय बोलतात, तेच खरं. मग तपासायचं : आपण काय करतोय, आपल्याकडे काय काय आहे, आपल्यावर कोणाचा हक्क पोचतो, हे त्यांना कळतंय का? ही कसोटी १८७० सालच्या ‘बँक्स विरुद्ध गुडफेलो’ खटल्यातली. आजही तीच वापरतात. माणूस फार वृद्ध किंवा आजारी असेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्या, असा संकेतही १९७५ पासून आहे.

आणि हे सगळं त्याच दिवशी लिहून ठेवायचं. खोलीत कोण होतं, आजी स्वतःच्या शब्दांत काय म्हणाल्या, धाकट्याला कमी का दिलं. कारण पुढे वाद झालाच, तर मुख्य साक्षीदार जिवंत नसणार. तेव्हा बोलेल ती तुमची फाइल. नवख्या वकिलाला हे टिपण म्हणजे कारकुनी वाटतं. माझ्या मते त्याच्या कामातला सगळ्यात मोलाचा कागद तोच.

सहीच्या वेळची चूक तर अजून महाग. १८३७ च्या कायद्यानुसार दोन साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्रात काही दिलं असेल तर ते रद्द होतं. जावयाने प्रेमाने साक्षीची सही केली आणि मुलीचा हिस्सा गेला, असं होऊ शकतं!

गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये पैसे घेऊन मृत्युपत्र लिहून द्यायला वकील असावंच लागत नाही. दुकान कोणीही थाटू शकतं. त्यामुळे या पेशातला सॉलिसिटर टिकतो तो अशी बारकाई आणि विश्वास यांवर. बड्या कॉर्पोरेट फर्मच्या तुलनेत सुरुवातीचा पगार बहुतेकदा कमी असतो, हेही आधीच माहीत असलेलं बरं. काही वर्षांनी अनेकजण ‘स्टेप’ या १९९१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची पात्रता घेतात आणि एखादा कोपरा आपला करतात. कोणी शेतकरी कुटुंबं धरतं, कोणी कौटुंबिक व्यवसाय.

एक कोपरा आपल्या लोकांच्या जवळचा आहे. एप्रिल २०२५ पासून, आधीच्या २० करवर्षांपैकी १० वर्षं ब्रिटनमध्ये राहिलेल्या माणसाच्या जगभरातल्या मालमत्तेला तिथला वारसा कर लागू शकतो. म्हणजे लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी डॉक्टरांचा कोथरूडचा फ्लॅटही हिशेबात येतो. भारताने असा कर १९८५ मध्येच बंद केला, पण दोन देशांतला १९५६ चा जुना करार ब्रिटनच्या बाजूने अजून जिवंत आहे. मृत्यूच्या वेळी ज्याचं ‘डोमिसाइल’, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कायमचं घर, भारतातच होतं, त्याच्या भारतातल्या मालमत्तेला या कराराचा आधार मिळू शकतो. तो मिळेल का, हे माणूस कुठे परतणार होता, काय बोलला होता, यावर अवलंबून असतं. त्याचा पुरावा म्हणून बऱ्याचदा शोधलं जातं ते त्याच्या वकिलाने कधीकाळी लिहून ठेवलेलं भेटीचं टिपण.